कुणी ओरडलं तर

कुंदानं चहा कपाच्या शेजारी ओतला. हात हलून सांडतो तसा नव्हे. एका हातात गाळणी, दुसऱ्या हातात चिमट्यानं धरलेलं पातेलं, धार एकसारखी, आणि तोंडानं चौथ्या मजल्यावरच्या लोकांनी बाल्कनीत कबुतरांना दाणे टाकायला सुरुवात केल्याची कागाळी चालू. कपभर चहा टेबलावर ओतून झाल्यावर तिनं पातेलं खाली ठेवलं आणि रिकामा कप माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "घे गं वनू, निवेल." चहा टेबलाच्या कडेवरून माझ्या पायावर टपटपत होता. गरम लागत होता. पण मी पाय मागे घेतला नाही. पाय हलवला असता तर तिला कळलं असतं, आणि तिला कळायच्या आधीचा तो एक क्षण मला कसाही करून लांबवायचा होता. मग तिचं बोट टेबलावरून फिरलं, ओल्याला लागलं, आणि ती हसली. "मेलं लक्षच नसतं हल्ली," म्हणाली आणि फडकं आणायला उठली. उठताना तिनं स्वयंपाकघराच्या दाराची चौकट हातानं चाचपली. मुलुंडच्या या घरात ती लग्न होऊन आली तेव्हापासून राहते. समोरासमोरची दारं आमची. ती चौकट शोधायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

"कुंदे, इंजेक्शन कधी घेतलंस शेवटचं?" मी विचारलं. "झालं की. आखाडात." "आखाडात? अगं, आता दिवाळी आली." ती टेबल पुसत होती, म्हणजे टेबलाचा कोरडा भाग पुसत होती. "मेसेज कुठे आलाय? आला की जायचं. त्यांना कळतं ना कधी द्यायचं ते. दोन डोस झाले की अंतर वाढवतात म्हणे. वाढवलं असेल." "तू फोन करून विचारलंस?" "कशाला उगाच? तिथं किती गर्दी असते. त्यात मी एक म्हातारी फोन करून डोकं खाणार." हे ती अशा समजूतदारपणानं म्हणाली की घटकाभर मलाही ते पटलं. तिच्या उजव्या डोळ्यात पूर्वीपासूनच काही राम नव्हता. डाव्याच्या पडद्यामागे पाणी साठायला लागलं तेव्हा माझ्या नितेशनंच तिला घाटकोपरच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेलं, तो त्याच हॉस्पिटलच्या कंपनीत कॉम्प्युटरचं बघतो म्हणून. दर महिन्याला डोळ्यात सुई घ्यायची. पहिल्या वेळी मी बरोबर होते. बाहेर आल्यावर ती म्हणाली, पाण्यात शाई सोडावी तसं काळं काळं तरंगतंय, पण दुखलं नाही हो. माझ्या मनगटावर तिच्या नखांच्या खुणा होत्या. पुढं दर महिन्याला तिच्या फोनवर तारीख यायची आणि ती चपला न घालता समोरच्या दारातून माझ्याकडे यायची, "वाच गं, काय म्हणतात?" ती केव्हापासून आली नाही हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. येणाऱ्या माणसाची चाहूल लागते, न येणाऱ्याची कशी लागावी?

आणि तिथं, त्या चिकट टेबलापाशी बसल्या बसल्या, मला मागच्या एका जेवणातल्या सुरमईचा वास आला. गणपती जाऊन आठवडा झाला नव्हता, रविवार होता, घरात पुष्कळ दिवसांनी मासे झाले होते आणि नितेश खुशीत होता. त्याच्या कंपनीनं सगळी हॉस्पिटलं, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, जुन्या सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर नेली होती आणि ते सगळं नितेशनं तडीला नेलं होतं. त्यानं मला पूर्वीही समजावलं होतं. आधी खोट्या पेशंटांवर चालवून बघायचं, मग एकाच ब्रँचमध्ये, तिथं चाललं की पुढच्या. फसलं तर परत जुन्यावर यायची वाट मोकळी ठेवायची. प्रत्येक काउंटरवर आपला एक माणूस उभा करायचा. मला ते ऐकायला आवडायचं. माझा जन्म अशाच एका ऑफिसात गेला, मला त्यातलं थोडं कळतं, आणि मुलाला कळतं की आईला कळतं. "आई, एक मजा सांगतो," तो काटा काढत म्हणाला. "घाटकोपरच्या सर्व्हरवर एक जुना प्रोग्राम सापडला. पहाटे आपला आपण उठतो, काहीतरी करतो, परत झोपतो. कुणी लिहिला, कशाला लिहिला, कुणाला पत्ता नाही. लिहिणारा कधीच सोडून गेला." "मग?" "मग स्क्रीम टेस्ट." "म्हणजे? हॉरर पिक्चर काढलात की काय?" श्रुतिका, माझी सून, म्हणाली. "अगं नाही. बंद करायचं. काढून नाही टाकायचं, नुसतं बंद. आणि गप बसून राहायचं. ज्याचं अडेल तो ओरडेल. ओरडला की चालू. महिनाभर कुणीच ओरडलं नाही तर कुणाला नकोच होतं ते. सगळीकडे असंच करतात." "आणि कुणी ओरडलं?" "चिटपाखरू नाही. झकास गेलं, आई." मी हसले. आम्ही सगळेच हसलो. मी त्याच्या ताटात आणखी एक तुकडी वाढायला गेले, तो "नको, नको" म्हणाला, मी वाढली, त्यानं खाल्ली.

आमच्यात पहिल्या विचारण्याला नको म्हणायचं असतं. मालवणकडून आलेल्या आमच्या घरात हे कुणी शिकवलं नाही, हवेतूनच अंगात आलं. दुसऱ्याच्या घरी पाणी विचारलं तर नको. जेवायला बसा म्हटलं तर आत्ताच झालं. तिसऱ्यांदा विचारणारा मनापासून विचारतो, त्याला हो म्हणायचं. माझे यजमान विद्याधर आयुष्यभर तिसऱ्या विचारण्याची वाट बघत राहिले. शेवटच्या सकाळी ते छातीवर हात ठेवून पलंगाच्या कडेला बसले होते. मी विचारलं, काय होतंय? म्हणाले, काही नाही, गॅस. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, तू तुझं आटप. आणि डबे भरायचे होते म्हणून मी आटपायला गेले. शेजारच्या भिंतीपलीकडे नितेश झोपला होता. एक हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. ती हाक त्यांच्या गळ्यात होतीच की नाही, याचा मी अजून विचार करते.

दुसऱ्या दिवशी मी कुंदाला रिक्षात घालून घाटकोपरला नेलं. एल. बी. एस. रोडला मेट्रोच्या पत्र्यांमुळे एकच लेन उरलेली, रिक्षा सरकत नव्हती. कुंदा बाहेर बघत होती, पण मान अशी तिरपी करून, जशी कोंबडी बघते. "आपली फॅक्टरी गेली ना गं मागे?" तिनं विचारलं. तिथं आता मॉल आहे. तो कधीच मागे गेला होता. त्याच रस्त्यावरच्या त्या फॅक्टरीच्या ऑफिसात आम्ही दोघी पंचिंगला, म्हणजे कॉम्प्युटरची कार्डं टोचायला, होतो, ती पहिल्या पाळीला, मी दुसऱ्या. माझी पाळी सुरू झाली की नितेश तिच्या कडेवर. गेटवर मी तो तिच्या हातात द्यायची, दुधाच्या बाटलीसकट. त्या काळी आमच्या ऑफिसातही जुनं जाऊन नवं आलं. हजेरीचे, पाळ्यांचे कागद हातानं होत होते, ते मशीनवर गेले. आमचे साहेब होते सहदेव पार्कर, वेंगुर्ल्याचे, पान खाऊन बोलायचे म्हणून निम्मं बोलणं अंदाजानं घ्यावं लागायचं. जुने कागद बंद करायच्या आधी त्यांनी आम्हां पोरींना टेबलाटेबलांवर पाठवलं. विचारा, तुमचं काही अडतंय का. आम्ही परत येऊन सांगितलं, कुणाचंच अडत नाही साहेब. पार्कर म्हणाले, "एकदा विचारलात? परत जावा. तिसऱ्यांदा सांगतील ती. आपलीच माणसा ती."

दुसऱ्या फेरीत कुंदा कँटीनमध्ये गेली आणि भिकाजीच्या भट्टीपाशी चक्क पाटावर बसली. भिकाजी आमचा आचारी. कॉम्प्युटरशी त्याचा काय संबंध? तो म्हणाला, माझं काय, मी चालवून घेईन. कुंदा उठेना. तो कांदा चिरत होता, तीही विळी ओढून कांदा चिरायला लागली. शेवटी तो बोलला. पाळीचा कागद भिंतीला लागला की तो बघायचा आणि भाताचा अंदाज घ्यायचा. आता कागद लागणार नव्हता. भात कमी पडला की शिव्या, उरला की शिव्या, आणि त्या तो खाणार होता, मुकाट, रिटायर होईपर्यंत. कुंदा लाल डोळ्यांनी परत आली आणि पार्करांच्या टेबलावर हात आपटून म्हणाली, "भिकाजीला कागद पाहिजे." तिचा तेव्हाचा आवाज मला आठवतो. दुसऱ्यासाठी तिचा आवाज कसा खणखणीत निघायचा. स्वतःसाठी तिनं तो कधी वापरल्याचं मात्र मला आठवत नाही. रिक्षात मला हे तिला सांगावंसं वाटलं. पण ती तिरक्या मानेनं पत्र्यांकडे बघत होती आणि म्हणत होती, "केवढी झाडं तोडली गं, सगळं मोकळं दिसतंय." झाडं होती तिथंच होती. ती आमच्या नाकासमोर होती म्हणून तिला दिसत नव्हती.

डॉक्टर कोवळी पोर होती. तिनं कुंदाच्या डोळ्यात उजेड टाकला, खुर्ची सरकवली, पुन्हा उजेड टाकला. मग बराच वेळ ती पडद्यावरच्या चित्राकडे बघत बसली, आणि ती चित्राकडे बघत नाहीये, काय बोलावं ते बघतेय, हे मला कळलं. "आजी, मध्ये का नाही आलात?" "मेसेज नाही आला," कुंदा अपराध्यासारखी म्हणाली. "अहो, मग फोन करायचा ना! असं कसं? आता आत व्रण झालाय." "म्हणजे औषध बदलावं लागेल?" कुंदानं विचारलं. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. "मधली नजर आता येणार नाही. कडेची राहील." कुंदा लगेच म्हणाली, "राहील ना? मग झालं." आणि तिनं त्या पोरीचा हात थोपटला, जसं काही डोळा तिचा गेला होता आणि समजूत कुंदानं घालायची होती. परतताना ती रिक्षात माझ्या बाजूला टेकून बसली. "तू अशी बाजूला बसलीस की दिसतेस बघ. समोर बसलीस की मधे नुसता काळा डाग."

नितेशला मी संध्याकाळी सांगितलं. तो हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसला होता. आधी त्यानं ऐकलं नाही, मग ऐकलं, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. तो बटणं दाबत राहिला, खूप वेळ. "नवी सिस्टिम मेसेज पाठवते," शेवटी तो म्हणाला, "पण काउंटरवर तारीख घेतली असेल तरच. पुढच्या सुईची तारीख आपणहून काढायचं काम तो जुना प्रोग्राम करत होता. कुठं लिहिलेलंच नाही, आई. आम्ही सगळीकडे शोधलं होतं. देवाशप्पथ." "मग चालू कर." "होईल. कॉपी ठेवलीय." "मग कर की." त्यानं डोळे चोळले. "तसं बटण दाबून नाही होत. दिवाळीपर्यंत फ्रीज आहे, कुणी काही हलवायचं नाही. पेशंटची तक्रार आली तर तातडीचं म्हणून त्याच दिवशी करता येतं. नाहीतर नवीन मागणी म्हणून रांगेत लावावं लागेल. जानेवारी उजाडेल." "तू सांग ना साहेबाला." "काय सांगू? ते बंद माझ्या नावावर झालंय." आतून श्रुतिका म्हणाली, "आई, परवाच त्याच्या टीममधली दोन माणसं घरी बसवली. जरा थांबा ना." ती वाईट नाही. तिच्या आवाजात भीती होती, आणि भीतीला कोण काय म्हणणार. मी विचारलं, "आणखी किती जण असतील रे असे?" नितेशनं लॅपटॉप मिटला. "बघितलं नाही." "बघ ना." "बघितलं तर मला माहीत असेल, आई."

ज्या मुलानं हे म्हटलं त्याला मी साडीच्या पदरात गुंडाळून फॅक्टरीच्या गेटवर नेत होते. मी त्याच्यावर रागावले नाही. राग यावा म्हणून मी वाट बघितली. त्याऐवजी मला दिसत राहिलं की कुठं बोरिवलीला, कुठं भांडुपला, एखाद्या सोफ्याच्या कोपऱ्यात कुणी म्हातारी फोन उशाशी ठेवून बसलीय, आणि समोरच्या टीव्हीतल्या माणसांना चेहरे नाहीत, आणि ती सुनेला सांगतेय की टीव्ही जुना झाला. ती ओरडणार नाही. तिच्या नातवाला वाटेल आजी हल्ली शांत झाली. पद्धतीत चूक नव्हती, नितेश म्हणतो, आणि ते खरंच आहे. पद्धत ज्यांच्यासाठी केली ती माणसं ओरडणारी असतील. आमच्यासाठी कुणी विळी ओढून बसायला हवं होतं. पण आता कोण कुणाकडे बसायला जातं? मी तरी, समोरच्या दारात राहून, श्रावण-भादव्यात कुंदाकडे कितीदा टेकले?

सकाळी मी कुंदाकडे गेले. ती भिंतीला टेकून लसूण सोलत होती, बोटांनी. मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नितेशनं काय बंद केलं, का केलं, आणि एका तक्रारीवर ते आजच्या आज चालू होईल. "मी फोन लावून देते. तू फक्त बोल. मेसेज आला नाही, डोळा गेला, एवढंच बोल." ती लसूण सोलत राहिली. "कुणाविरुद्ध बोलायचं?" "हॉस्पिटलविरुद्ध." "म्हणजे नितेशविरुद्ध." मी हातातला फोन खाली ठेवला. "खुळी आहेस का गं? त्याला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. त्याला न्हाऊ घातलंय मी. माझ्या डोळ्याचं मेलं काय, अजून किती बघायचंय? नको. नको म्हणजे नको." "अगं, बाकीचेही असतील..." "त्यांची त्यांची मुलं बघतील," ती म्हणाली, आणि ते बोलणं तिचं नव्हतं. ते तिनं माझ्यासाठी तयार केलं होतं. मला उठता यावं म्हणून. आमच्यात तीनदा विचारायचं असतं. मी एकदाच विचारलं. आणि तिचा नकार ऐकताना माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं, खांदे सैल पडले, पोटात भूकसुद्धा लागली. आनंदच होता तो, त्याला दुसरं नाव देता येणार नाही. मी तिच्या हातून लसूण घेतला आणि सोलायला लागले. तिनं वळून, डोळ्याच्या कडेनं, माझ्याकडे बघितलं. तिला तो आनंद दिसला असेल का?

त्या आनंदाची मला दुपारपर्यंत इतकी किळस आली की मी कुणाला न सांगता एकटीच घाटकोपरला गेले. रिक्षात बसून मी वाक्य पाठ केलं. मी पेशंट नाही, पण मी एका पेशंटची शेजारीण आहे आणि मला तक्रार द्यायचीय. साधं वाक्य. लॉबीत गारठा होता. काउंटरवरच्या मुलीच्या केसात अबोलीचा गजरा होता आणि तिच्या पाठीमागे नवा कोरा पडदा, त्यावर नंबर सरकत होते, सुबक, न अडखळता. हे माझ्या मुलाचं काम. मला वाईट वाटायला हवं होतं, पण ते सुंदर दिसत होतं. "बोला आजी," ती म्हणाली. माझ्या मागं एक म्हातारे गृहस्थ काठी घेऊन उभे होते, आणि त्यांना आधी जाऊ द्यावं असं म्हणून मी बाजूला झाले. ते पुढं झाले. मुलीनं विचारलं, "तुमचं काय आजोबा?" ते ओशाळून हसले. "काय नाय बाय. असोच इललंय. चेडू, लेक माझी, हयच रवता, तिच्याकडसून जाता जाता म्हटला बघूया. माका मेसेज येवक नाय अजून." "येईल हां आजोबा. सिस्टिममधून येतो तो." "हां, हां. येतलो," ते म्हणाले आणि लगेच वळले, जणू तिचा वेळ घेतल्याबद्दल माफी मागत.

मी त्यांच्या मागून चालले. "तारीख इथंच मागून घ्या," मी म्हटलं. "आत्ता. परत जा आणि मागा." त्यांनी मान तिरपी करून मला शोधलं. "मागूचा कित्याक? तेंका कळता मा." मी सांगू शकत होते. एक वाक्य होतं. पण त्याच्या मागून त्यांनी विचारलं असतं, मेसेज का येत नाही, तुम्हाला कसं माहीत, तुम्ही कोण. मी तोंड उघडलं होतं. आतला गार वारा दातांना लागला. ते दाराशी पोचले होते आणि त्यांना काच कुठं संपते ते कळत नव्हतं. पंजा काचेवर सपाट ठेवून ते इकडून तिकडे सरकवत होते, आणि बाहेरच्या उन्हात लोक त्या हाताकडे बघून पुढं जात होते. मी त्यांचं मनगट धरलं आणि हात दाराच्या दांड्यावर नेऊन ठेवला. दार उघडलं. रस्त्याचा गरम आवाज अंगावर आला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला, तो माझ्या खांद्यावर पडला.

"देव बरा करो तुझा, बाय," ते म्हणाले.